धोक्याचा आकडा आधी तिप्पट झाला, मग आठवड्यात शून्यावर आला, असं का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून आधी ते सुटे करते. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारी २०२५ च्या अखेरीस एक टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्के झाली आणि पुढच्या आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली. तुमचा पहिला प्रश्न असा, की रोज नवी निरीक्षणं येत होती आणि गणित सुधारत होतं, तर आकडा आधी वाढलाच कसा आणि मग एकदम कोसळला कसा? मधल्या काळात कुणी काही दडवलं का? दुसरा प्रश्न मुंबईचा. तुम्ही तिथे राहता आणि ‘मुंबई धोक्याच्या पट्ट्यात’ अशी बातमी तुम्ही वाचलीत. तिसरा प्रश्न, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर नेमका कुठला आकडा मनावर घ्यायचा?

मी बरीच वर्षं पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांच्या आकाशातल्या जागा मोजते आणि त्या नोंदी अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवते. जगभरातल्या लहानमोठ्या वेधशाळा हेच करतात, आणि त्या सगळ्या नोंदींवरून नासा, युरोपीय अंतराळ संस्था वगैरे ठिकाणी कक्षा काढल्या जातात. म्हणजे तुम्ही बातमीत वाचता त्या टक्क्यांच्या खाली जो कच्चा माल असतो, त्यात माझं काम मोडतं. उत्तरही त्याच बाजूने देते.

थोडक्यात आधी सांगून टाकते: काहीही दडवलेलं नव्हतं. आकडा आधी चढणं आणि मग कोसळणं हे अशा प्रसंगी अगदी अपेक्षित असतं. तो धोंडा कुठून जाणार हे २०२४ मध्येही ठरलेलंच होतं. रोज बदलत होतं ते आपल्याला त्याविषयी असलेलं ज्ञान. आता हे नीट उलगडते.

आम्ही मोजतो काय, इथून सुरुवात करू. दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे लागोपाठ बरेच फोटो घ्यायचे. तारे सगळ्या फोटोंत जागच्या जागी असतात, एक फिकट ठिपका मात्र प्रत्येक फोटोत थोडा सरकलेला दिसतो. तो लघुग्रह. बहुतेक वेळा तो इतका फिकट असतो की एका फोटोत दिसतच नाही. मग त्याच्या अपेक्षित वेगाने फोटो सरकवत एकावर एक रचायचे, म्हणजे तारे रेघोट्या होतात आणि ठिपका उजळून वर येतो. त्या ठिपक्याचा मध्य आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भाने मोजायचा. ताऱ्यांच्या अचूक जागा गाया या युरोपीय उपग्रहाच्या यादीतून मिळतात. ती यादी हाती आल्यापासून आमचं काम कितीतरी नेटकं झालं आहे. शेवटी पाठवायची नोंद एका ओळीची असते: वेधशाळेचा संकेतांक, तारीख-वेळ, आकाशातले दोन कोन आणि तेजस्विता. त्यात वेळ फार महत्त्वाची. एखादा लघुग्रह मिनिटाला २० आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकत असेल आणि संगणकाचं घड्याळ एका सेकंदाने चुकलं असेल, तर जागा आर्कसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने चुकते. म्हणून फोटो घेण्याआधी घड्याळ जीपीएसशी जुळवणं हे माझं ठरलेलं पहिलं काम असतं. ठिपका एखाद्या ताऱ्याला चिकटून गेला असेल तर ती नोंद मी पाठवतच नाही. ती नसलेली परवडते, चुकीची परवडत नाही.

आता बघा, या ओळीत अंतर कुठेच नाही. आपल्याला कळते ती फक्त दिशा. अंतर, वेग आणि पर्यायाने पूर्ण कक्षा हे सगळं दिशा कशी बदलत गेली त्यावरून काढावं लागतं. चार-सहा दिवसांच्या नोंदी असतील तर त्यांच्यात बसणाऱ्या कक्षा एक-दोन नसतात, असंख्य असतात. सगळ्या एकमेकींसारख्याच, पण थोड्या लहानमोठ्या. निरीक्षणांचा काळ जसा लांबत जातो तशा न बसणाऱ्या कक्षा गळत जातात.

वायआर४ च्या बाबतीत सुरुवातच अडचणीची होती. तो २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या रिओ हुर्तादो इथल्या, लघुग्रह शोधणाऱ्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. त्याआधी दोनच दिवस, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे सापडला तेव्हा त्याने आपल्याकडे पाठ फिरवली होती आणि रोज अधिकाधिक फिकट होत चालला होता. छोट्या दुर्बिणींच्या आवाक्यातून तो लवकरच निसटला आणि मग मोठ्या वेधशाळांवरच सगळी भिस्त राहिली. त्याची कक्षाही लांबट आहे. सूर्याजवळ असताना तो पृथ्वीच्या कक्षेच्या आत, सुमारे १२ कोटी ७० लाख किलोमीटरवर येतो, आणि दूर जाताना मंगळ ओलांडून लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्याही पलीकडे, सुमारे ६२ कोटी किलोमीटरपर्यंत जातो. एक फेरी जवळपास चार वर्षांची. म्हणून डिसेंबर २०२४, मग २०२८, मग २०३२ अशा भेटी.

अशा लघुग्रहाबद्दल सगळ्यात आधी कळतं ते त्याच्या वाटेचं प्रतल आणि आकार. सगळ्यात शेवटी कळतं ते वेळापत्रक, म्हणजे तो त्या वाटेवर अमुक दिवशी नेमका कुठे असेल. रेल्वे फाटकासारखंच आहे हे. रूळ आणि रस्ता एकमेकांना छेदतात हे नकाशावर लगेच दिसतं, पण अपघात व्हायला गाडी आणि मोटार एकाच मिनिटाला तिथे यावी लागतात. वायआर४ ची वाट पृथ्वीच्या वाटेच्या अगदी जवळून जाते हे लवकरच कळलं होतं. प्रश्न मिनिटांचा होता. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढं अंतर पुढे सरकायला तिला सातच मिनिटं लागतात. आता लघुग्रहाच्या चार वर्षांच्या फेरीचा काळ आपण दहा मिनिटांनी चुकीचा धरला असेल, तर दोन फेऱ्यांनंतर २०३२ मध्ये चूक वीस मिनिटांची होते. वीस मिनिटांत पृथ्वी जवळपास ३६ हजार किलोमीटर पुढे गेलेली असते. चार वर्षांत दहा मिनिटं! दोन महिन्यांच्या फिकट ठिपक्यांवरून इतकं बारीक वेळापत्रक काढायचं असतं.

म्हणून २२ डिसेंबर २०३२ ला तो कुठे असेल याचं उत्तर एका बिंदूत मिळत नाही. त्याची एक लांबच लांब, अगदी अरुंद पट्टी मिळते. पट्टीवरची प्रत्येक जागा म्हणजे आतापर्यंतच्या निरीक्षणांशी जुळणारी एक कक्षा. पृथ्वी त्या पट्टीत येत असेल, तर पट्टीचा जितका हिस्सा तिने व्यापला तितकी धडकेची शक्यता.

हा हिशेब आकड्यांत करून पाहा. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्षातली पट्टी मध्ये दाट आणि टोकांना विरळ असते. समजा पट्टी १२ लाख ७० हजार किलोमीटर लांब आहे. पृथ्वी तिच्यातले १२,७०० किलोमीटर व्यापते. शक्यता एक टक्का. महिनाभरात नवी निरीक्षणं आली, आपलं ज्ञान तिपटीने सुधारलं आणि पट्टी आखडून सव्वाचार लाखांवर आली. पृथ्वी अजूनही तिच्या आतच आहे, तिचा आकार तर बदललेला नाही. आता शक्यता तीन टक्के. धोंडा तोच, पृथ्वी तीच, मोजमाप आधीपेक्षा चांगलं, आणि आकडा मात्र तिप्पट. जानेवारी-फेब्रुवारीत घडलं ते नेमकं हेच.

मग पट्टी आणखी आखडते, आणि एक वेळ अशी येते की तिचं टोक पृथ्वीवरून सरकतं. पट्टीचा मध्य म्हणजे सर्वांत संभाव्य जागा, आणि मध्यापासून लांब गेलं की शक्यता झपाट्याने उतरते. पृथ्वी मधल्या दाट भागातून विरळ टोकाकडे गेली की थोड्याशा सुधारणेनेही आकडा अर्धा, मग दहावा हिस्सा, मग शतांश होतो. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्के होता, १९ तारखेला १.५ झाला, २० ला ०.२८ आणि २४ ला ०.००४ टक्के. चढण महिनाभराची आणि उतार आठवड्याचा, हे या पट्टीच्या आकारामुळेच होतं. फेब्रुवारीच्या मधल्या दिवसांत आकडे थोडे रेंगाळले त्याचं एक कारण साधं आहे. १२ तारखेला पौर्णिमा होती. उजळलेल्या आकाशात इतका मंद ठिपका टिपता येत नाही. चंद्र बाजूला झाल्यावर मोठ्या दुर्बिणींनी पुन्हा नोंदी घेतल्या आणि लागोपाठ उतार सुरू झाला.

इथे एक गोष्ट मी जरा ठासून सांगते, कारण त्या दिवसांत चांगली शिकलेली माणसंही इथेच घसरत होती. ‘आकडा रोज वाढतोय, म्हणजे उद्या आणखी वाढेल’ हे अनुमान चुकीचं आहे. शक्यता नीट काढलेली असेल तर ‘उद्या ती कुठल्या दिशेला जाईल’ याची माहिती तिच्यात आधीच जमेला धरलेली असते. ३.१ टक्क्यांचा अर्थ एवढाच, की अशा शंभर प्रसंगांपैकी साधारण ९७ प्रसंगांत आकडा शेवटी शून्यावर येणार आणि तीनेक प्रसंगांत शंभरावर जाणार. दोन्ही वाटा सुरुवातीला सारख्याच दिसतात, दोन्हींत आकडा आधी चढतोच. त्यामुळे चढणीकडे पाहून घाबरण्यासारखं काही नवं कळत नाही.

युरोपीय संस्थेचा सर्वोच्च आकडा २.८ टक्के होता आणि नासाचा ३.१, यावरूनही बऱ्याच जणांना शंका आली. नोंदी दोघांकडे त्याच असतात. पण कुठल्या वेधशाळेच्या नोंदीला किती वजन द्यायचं आणि संशयास्पद नोंद कधी वगळायची, हे प्रत्येक गट आपापल्या पद्धतीने ठरवतो. दोन स्वतंत्र गणितं इतकी जवळ आली हे मला तरी दिलासा देणारं वाटतं. सगळ्यांचा आकडा दशांशापर्यंत एकच आला असता तर मीच विचारलं असतं की कुणी कुणाचं उतरवलं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. हे कोडं आधी सुटू शकलं असतं का? काही लघुग्रहांच्या बाबतीत एका रात्रीत सुटतं. लघुग्रह पुरेसा जवळ असेल तर रडारने त्याचं अंतर थेट मोजता येतं आणि पट्टी एका फटक्यात आखडते. वायआर४ सापडला तेव्हा दूर चालला होता, त्यामुळे रडारचा उपयोग नव्हता. दुसरा मार्ग जुन्या फोटोंचा. वेधशाळांच्या साठ्यांत वर्षानुवर्षांचे फोटो पडलेले असतात, आणि एखाद्यात हा ठिपका नकळत टिपला गेला असेल तर निरीक्षणांचा काळ एकदम महिन्यांनी किंवा वर्षांनी वाढतो. अपोफिस या लघुग्रहाचं असंच झालं. डिसेंबर २००४ मध्ये १३ एप्रिल २०२९ च्या धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. त्याच सुमारास अमेरिकेतल्या स्पेसवॉच प्रकल्पाच्या मार्च २००४ च्या फोटोंत तो सापडला आणि २०२९ ची धडक निकालात निघाली. पुढे २०२१ मध्ये रडारने पुन्हा वेध घेतल्यावर निदान शंभर वर्षं तरी त्याच्यापासून भीती नाही हे पक्कं झालं. २०२९ मध्ये तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून! वायआर४ साठीही २०१६ च्या फेरीतले फोटो धुंडाळले गेले, पण हाती काही लागलं नाही. मग एकच उपाय उरला, तो दिसेनासा होईपर्यंत मोठ्या दुर्बिणींनी त्याचा पाठलाग करायचा. तो केला गेला आणि पुरला.

मुंबईकडे वळू. त्या वेळी प्रसिद्ध झालेला धोक्याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत येत होता. नकाशावर ती रेघ मुंबईच्या आसपास आली आणि मथळे झाले. ही रेघ येते कुठून ते पाहा. मघाची अनिश्चिततेची पट्टी लांब आहे पण अरुंद आहे. ती पृथ्वीच्या गोलावरून आडवी गेली की पृष्ठभागावर एक लांब, चिंचोळी रेघ उमटते. लघुग्रह काही मिनिटं आधी आला तर रेघेच्या एका टोकाला, उशिरा आला तर दुसऱ्या टोकाला. रेघ म्हणजे लघुग्रहाचा मार्ग नव्हे. तो त्या सगळ्या गावांवरून घिरट्या घालत जाणार नव्हता, पडला असता तर एकाच ठिकाणी. तेव्हा मुंबईचा हिशेब असा: आधी तो पृथ्वीवर पडण्याची शक्यता जास्तीत जास्त तीन टक्के, आणि पडलाच तर हजारो किलोमीटरच्या रेघेवर, जिचा मोठा भाग समुद्रावर होता, नेमका मुंबईजवळ पडण्याची शक्यता त्याचाही अगदी लहान अंश. बातमीत पहिला आकडा दिला गेला आणि दुसरा गुणाकार राहून गेला. मुंबईच्या माणसाला पट्ट्याची बातमी सांगताना हा गुणाकार सोडणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पडला असता तर काय झालं असतं, हे आकारावर अवलंबून, आणि आकार हा आणखी एक निसरडा आकडा. दुर्बिणीतून दिसते ती चमक. पृष्ठभाग उजळ असेल तर लहान धोंडाही तितकाच चमकतो आणि काळपट असेल तर मोठा. म्हणून सुरुवातीला ४० ते ९० मीटर असं सांगितलं गेलं. ही नुसती दुप्पट तफावत नाही, वस्तुमानात ती अकरा पट होते. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली आणि सुमारे ६० मीटर हा आकार ठरला. एवढा दगडी धोंडा बहुधा जमिनीवर पोचण्याआधीच हवेत फुटतो. १९०८ साली सायबेरियात तुंगुस्का इथे असंच झालं होतं, तिथे २ हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. तुम्ही लोणारचा उल्लेख केलात म्हणून सांगते, बेसाल्टच्या कठीण कातळात १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पाडायला याच्यापेक्षा बराच मोठा आघात लागतो. लोणार आणि वायआर४ एका रांगेत बसत नाहीत. पण एका शहरावर तुंगुस्का झालं तर ते शहर उरणार नाही, हेही तितकंच खरं. म्हणूनच तीन टक्क्यांनासुद्धा एवढं गंभीरपणे घेतलं गेलं.

आणि खरोखरच पडणार असेल तर गणित कसं दिसतं? त्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. ६ ऑक्टोबर २००८ रोजी ॲरिझोनातल्या माउंट लेमन इथे साधारण चार मीटरचा एक लघुग्रह सापडला, २००८ टीसी३. तो दुसऱ्याच दिवशी पहाटे सुदानच्या न्यूबियन वाळवंटावर हवेत फुटला. सापडल्यापासून फुटेपर्यंत जेमतेम वीस तास मिळाले. पण तेवढ्यात जगभरातून शेकडो नोंदी आल्या, पट्टी आखडत आखडत पूर्णपणे पृथ्वीच्या आत गेली आणि ठिकाण व वेळ दोन्ही आधी सांगता आलं. पुढे खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्या अंदाजानुसार वाळवंट पिंजून त्याचे तुकडेही गोळा केले. लघुग्रह आधी आकाशात पाहून मग त्याचाच दगड हातात घेण्याची ती पहिली वेळ. टक्क्यांच्या या गणितावर माझा विश्वास बसलेला आहे तो अशा निकालांमुळे.

लहान धोंड्यांबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. १६ ऑगस्ट २०२० रोजी २०२० क्यूजी हा काही मीटरचा लघुग्रह हिंदी महासागरावर अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या फोटोंत तो सापडला तो निघून गेल्यावर काही तासांनी, आणि ते फोटो तपासणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. इतक्या जवळून जाताना पृथ्वीच्या ओढीने त्याचा मार्ग सुमारे ४५ अंशांनी वळला. म्हणजे त्याची आधीची कक्षा आणि नंतरची कक्षा यांच्यात फारसं साम्य उरलं नाही. जवळच्या भेटीत छोटीशी अनिश्चितताही पुढे किती फुगते, ते यावरून लक्षात यावं. या आकाराचे धोंडे वातावरणातच मोडून जातात, त्यांची काळजी करू नका. काळजी करावी अशी गोष्ट वेगळी आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला साधारण २० मीटरचा धोंडा आधी कुणालाच दिसला नव्हता, कारण तो सूर्याच्या दिशेने आला. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. टक्का जाहीर झालेल्या लघुग्रहावर निदान कुणाचं तरी लक्ष असतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. पुढच्या वेळी बातमी आली की टक्क्याच्या आधी मी काय पाहते ते सांगते. किती दिवसांच्या निरीक्षणांवर हा आकडा काढलाय, हे पहिलं. दोन आठवड्यांच्या नोंदींवरचा एक टक्का आणि दोन वर्षांच्या नोंदींवरचा एक टक्का यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याची मला खरंच धास्ती वाटेल. मग, लघुग्रह अजून किती काळ दिसणार आहे? दिसणार असेल तर उत्तर वाटेत आहे, थोडं थांबायचं. दिसेनासा होणार असेल तर तो आकडा पुढच्या भेटीपर्यंत तसाच लटकत राहू शकतो. मग आकार, आणि धडकेला किती वर्षं आहेत ते. आठ वर्षं असतील तर माणूस काही करू शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याच्या फेरीचा काळ अर्ध्या तासाहून जास्त बदलून दाखवलाय. धडकेची शक्यता आणि आकार एकत्र पाहायला टोरिनो मोजपट्टी आहे, ० ते १० ची. वायआर४ तिच्यावर ३ पर्यंत चढला होता आणि त्याच्या वर गेलेला एकटा अपोफिस, ४ पर्यंत. ३ चा अधिकृत अर्थ ‘खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष द्यावं’ असाच आहे. लोकांनी पळापळ करावी असा नाही. धडकेची शक्यता एक टक्क्यावर गेली की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळं सूचना काढतं, आणि २९ जानेवारी २०२५ ला ती निघाली ती या ठरलेल्या नियमानुसार. तुम्हाला दडवादडवीची शंका आली होती, पण ज्या यंत्रणेने एक टक्क्यालाच सगळ्या जगाला कळवलं तिला तीन टक्के लपवण्यात काय रस असणार?

चंद्राचंही सांगायला हवं, कारण तिथे हीच गोष्ट पुन्हा घडली आणि बातम्या पुन्हा तशाच आल्या. पृथ्वी पट्टीबाहेर गेली तरी चंद्र आतच राहिला. त्याच्यावर धडकेची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये १.७ टक्के होती, जेम्स वेबच्या नोंदींनंतर ३.८ झाली आणि मे महिन्यातल्या त्याच दुर्बिणीच्या नव्या नोंदींनंतर, जूनमध्ये, ४.३. ‘चंद्राचा धोका वाढला’ असे मथळे आले. जूनमधल्या नासाच्या निवेदनातच लिहिलं होतं की २०३२ च्या त्याच्या जागेबद्दलचं ज्ञान सुमारे २० टक्क्यांनी सुधारलंय. पट्टी आखूड झाली, चंद्र आत होता, आकडा चढला. आता तुम्ही हे वाक्य स्वतःच वाचून समजू शकता.

पुढची मोठी संधी डिसेंबर २०२८. तेव्हा वायआर४ सुमारे ८० लाख किलोमीटरवरून जाईल, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळपास वीसपट लांबून. पण चार वर्षांनी मिळालेली एक नवी नोंद आत्ताच्या शेकडो नोंदींपेक्षा कक्षेला जास्त आवळते, कारण एका फेरीचा काळ थेट मोजून मिळतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दुर्बिणी झाकून ठेवाव्या लागतात, पण डिसेंबरचं आकाश सहसा स्वच्छ असतं. माझ्याकडच्या दुर्बिणीच्या आवाक्यात तो येतो की नाही हे त्या वेळच्या त्याच्या तेजस्वितेवर ठरेल. आला तर त्याच्या नोंदी इथूनही जातील.